पत्रास कारण की, शिट्टी

तीर्थस्वरूप ध्वनिसंच महाराज (चाकांचे, घडीचे, गाडीच्या डिकीत मावणारे),
मुक्काम सोसायटीचा हॉल, गादीच्या मागे, भिंतीलगत, यांच्या सेवेशी.

समस्त बैठकवाल्यांचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, रविवारच्या मैफलीत आपण पुन्हा गायलात. बुवांनी काळी एकमध्ये भूपाचा षड्ज लावला होता, तंबोऱ्याची जवारी नुकती बोलू लागली होती, सतरंजीवरची चाळीस माणसे मान डोलवायच्या तयारीत होती. तेवढ्यात आपण तारसप्तकाच्याही वर जाऊन अशी काही तान घेतलीत, की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातले यंत्र काढून खिशात टाकले. दाद द्यायला संयोजक मागून ओरडले, "आवाज वाढवा!"

आपले घराणे मोठे, याबद्दल वाद नाही. कॅलिफोर्नियातल्या नापा गावी ज्या दोघांनी 'मॅग्नाव्हॉक्स' हा लाउडस्पीकर घडवला आणि १९१५ साली तो लोकांना ऐकवला, त्यांतला पीटर जेन्सन मूळचा डेन्मार्कचा. माइक-स्पीकरच्या शिट्टीला ज्याचे नाव मिळाले, तो पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सनही डॅनिशच. आवाज आणि शिट्टी गुरुभाई निघाले, यात नवल ते काय?

या गायकीची गंमत अशी, की तिच्यासाठी काहीही बिघडावे लागत नाही. स्पीकर बोलतो ते माइक ऐकतो, माइक ऐकतो ते स्पीकर पुन्हा बोलतो. खोली, माइक आणि स्पीकर मिळून ज्या एका स्वराला झुकते माप देतात, तो प्रत्येक फेरीत थोडा फुगतो आणि क्षणार्धात किंकाळी होते. सगळी यंत्रे धडधाकट, वायरी शाबूत, आणि तरीही शिट्टी. तिला रियाज करून देणारी माणसे मात्र वेगळीच असतात.

उदाहरणार्थ, खुद्द बुवा. माइक तपासताना "हॅलो, चेक, एक दोन तीन" ते ओठांपासून पाच सेंटीमीटरवर म्हणतात. मैफलीत डोळे मिटून मान मागे टाकली, की तेच अंतर वीस सेंटीमीटर होते. अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज ६ डेसिबल घटतो, म्हणजे चौपटीला १२. साउंडवाला बिचारा तेवढा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो. बुवांचा आवाज भरून येतो खरा, पण त्याच्या बरोबरीने आपलाही येतो. माइक तीन बोटे जवळ सरकवून फेडर खाली घ्यावा, हे कुणी सुचवले तर त्याच्याकडे असे बघतात जणू ठुमरीत धमार मागितला.

दुसरे साधक म्हणजे "सगळ्यांना माइक हवा" हे धोरण. गायनाला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, पेटीला दोन, तंबोऱ्याला एक, मागे साथ देणाऱ्या शिष्येला एक, निवेदिकेला एक. असे आठ. उघडे माइक दुप्पट झाले, की शिट्टीआधीची मोकळीक साधारण ३ डेसिबलने आटते. एकावरून आठवर गेले, तर ९ डेसिबल हातचे गेले. त्यात निवेदिकेचा माइक दोन तास उघडाच राहतो आणि कागदांची सळसळ इमानाने ऐकवत बसतो.

आता आपल्या दुसऱ्या कलेविषयी, म्हणजे त्या अखंड "हूं"विषयी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पेटीच्या भाषेत हा स्वर पांढरी पाचच्या आसपासचा, किंचित चढा. त्याच्या वरच्या सप्तकातला १०० हर्ट्झही सोबत वाजतो. एखाद्या बाई पांढरी पाचमध्ये गात असतील, तर हा त्यांचा फुकटचा खर्ज, फक्त थोडा बेसूर. बुवांच्या काळी एकला मात्र तो तीव्र मध्यमाच्या घरात जातो. यमन असता तर साथ म्हणून खपून गेले असते. भूपात मध्यम वर्ज्य! रागाची शुद्धता दीड तास एका एक्सटेन्शन बोर्डाने बिघडवली, असा प्रसंग संगीतशास्त्राच्या ग्रंथांत अजून यायचा आहे.

बोर्ड एक नव्हता, दोन होते, आणि घोळ तिथेच होता. मिक्सर स्टेजजवळच्या बोर्डावर होता. मोबाइलमधला तंबोरा (खरा असताना हा कशाला, हे विचारू नये) खिडकीजवळच्या बोर्डावर चार्जिंगला लावला होता, आणि त्याचीच वायर मिक्सरमध्ये गेली होती. त्या वाटेने विजेची घरघर आत शिरली. चार्जर उपसला असता तर दोन सेकंदांत शांतता झाली असती. पण तो उपसायच्या आधी तीन केबली बदलल्या गेल्या, मिक्सरवर दोन थापट्या बसल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जाणकारांनी प्लगची मोठी पिन काढून टाकायचा सल्ला दिला. त्याने घरघर जातेही कधीकधी. पण ती पिन अर्थिंगची असते. ती गेली आणि यंत्रात कुठे वीज उतरली, तर पत्र्याचा मिक्सर आणि घामेजलेला हात यांच्यामध्ये काही उरत नाही. जिच्यासाठी हा उद्योग करायचा ती सोय डीआय बॉक्सवर (वायर आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या डबीवर) छोट्या खटक्याच्या रूपात असते. तो खटका सिग्नलच्या वायरीची जमीन सोडवतो, विजेच्या प्लगची नव्हे. पण खटका दाबण्यात शौर्य कुठले?

पेटीचा एक माइक पहिली वीस मिनिटे मुकाच होता, तो आळही आपल्यावर आला. तो कंडेन्सर जातीचा. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा खुराक लागतो आणि तसे लिहिलेले बटण मिक्सरवर ठळक असते. हा आकडा कुठून आला, तेही ऐकण्यासारखे आहे. १९६६च्या सुमारास जर्मनीच्या नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी असा माइक बनवला. तिथल्या स्टुडिओंत दिवे गेले तर लागणाऱ्या आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच वापरली. इतक्या लांबून आलेले बटण अखेर सापडले. ते फेडर खाली न घेता दाबल्यामुळे जो "धप्प" झाला, त्याने मागे पेंगणाऱ्या दोघांना समेवर आणले.

राहता राहिली आपली बैठक. २००३ साली बोस कंपनीने 'एल-वन' आणला, तेव्हापासून बारीक खांबासारखा स्पीकर कलाकाराच्या मागे उभा करायची पद्धत रुळली. श्रोत्यांना जे ऐकू येते तेच कलाकारालाही येते, वेगळा मॉनिटर लागत नाही. कल्पना उत्तम. पण गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या माइकचे तोंड मागच्या खांबाकडेही असतेच. म्हणून खांब दोनेक मीटर मागे आणि थोडा बाजूला हवा. हॉलमध्ये मागे भिंत, बाजूला गणपतीचे मखर. साहजिकच आपण बुवांच्या पाठीला चिकटून, आणि आपला खर्जाचा डबा डग्ग्याच्या कानाशी. लाकडी स्टेजमधून तो थरथराट माइकच्या स्टँडमध्ये चढत राहिला. गायनाच्या माइकवर १०० हर्ट्झखालचे स्वर छाटायचे बटण होते. ते कुणाला लागले नाही, कारण सगळ्यांचे हात आवाज वाढवायच्या बटणावर होते.

मध्यंतरानंतर काय झाले ते आपल्याला ठाऊक नसेल, कारण आपण तेव्हा बंद होतात. बुवांनी चहा घेतला, गादीवर बसले आणि साउंडवाल्याला म्हणाले, "काढा हो सगळं." चाळीस माणसे दोन हात पुढे सरकली. बुवांनी बागेश्री घेतला. डग्ग्यावरची मींड शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि पेटीच्या भात्याचा श्वासही ऐकू आला. साउंडवाला तेवढा वेळ कोपराभोवती केबली गुंडाळत बसला होता. तसे गुंडाळल्याने आतल्या तारांना पीळ बसतो आणि पुढच्या कार्यक्रमात त्या खरखरतात. पण त्या शांततेत त्याला हे सांगायला कुणी उठले नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले नम्र,
सतरंजीवरचे

ता. क. : आभारप्रदर्शनासाठी आपल्याला पुन्हा चालू केले आहे. सेक्रेटरी खांबाला टेकून उभे आहेत. माइकची जाळी त्यांनी मुठीत घट्ट धरली आहे, त्यामुळे आता तो चारही बाजूंचे ऐकतो. "माझा आवाज मागेपर्यंत येतोय का?" असे ते विचारत आहेत. मागून उत्तर आले, "नाही, वाढवा!"