छप्पर

पुतण्याने इंग्लंडहून येताना माझ्यासाठी रोल्स-रॉइस आणली, हे वाक्य मी लखनौच्या आलमबागेत निदान चाळीस जणांना ऐकवलं. ती साडेबारा सेंटिमीटर लांब आहे, हे पुढचं वाक्य आमच्या घरातून ऐकवलं जातं.

गाडी सिल्व्हर क्लाउड, 1955 सालची. खरी पाच मीटर अडतीस सेंटिमीटर लांब. ही तिच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाची. मुकाट्याने शोकेसमध्ये ठेवायची. पण मी कुठेतरी वाचलं होतं, की लंडनचे कोचबिल्डर एच. जे. मुलिनर याच चार दारांच्या सलूनचं छप्पर कापून तिची दोन दारांची, घडीच्या छताची 'ड्रॉपहेड' करून देत. आधी रोल्स-रॉइस घ्यायची, मग तिच्यावर करवत चालवायला वर पैसे मोजायचे! त्रेचाळिसाव्या हिश्शात हा माज आपल्यालाही परवडेल, असं वाटलं.

"सलूनचं छप्पर कापतोय," मी जाहीर केलं.

"अहो, न्हाव्याने काय बिघडवलंय तुमचं?" ही म्हणाली.

शेजारच्या मिस्त्रीजींचा घोटाळा वेगळाच. ते आलमबागच्या कॅरेज अँड वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "सैलून तो जीएम साहब का होता है, भाई साहब. उसे कौन काटने देगा?" मी खिशातून गाडी काढली. त्यांनी ती उताणी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "चेसिस अलग है?"

हा प्रश्न लाखमोलाचा होता. मद्रासजवळ पेरांबूरला 2 ऑक्टोबर 1955 रोजी रेल्वेचा डबेकारखाना सुरू झाला, त्याच्या नावातच 'इंटिग्रल' आहे. म्हणजे भिंती, छप्पर, तळ सगळे मिळून भार वाहतात. मिस्त्रीजींनी असेच डबे आयुष्यभर दुरुस्त केलेले. अशा डब्याचं छप्पर काढलं तर डबा मधूनच ढेपाळायचा. त्याच वर्षीच्या सिल्व्हर क्लाउडची चासी मात्र वेगळी होती. 1965 च्या सिल्व्हर शॅडोत रोल्स-रॉइसनेही वेगळ्या चासीची पद्धत सोडली. म्हणजे कापायची तर हीच गाडी! मिस्त्रीजींनी तळाचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवून दिले आणि सही नाकारली. "ड्रॉइंग नहीं है, तो पास कैसे करें?"

करवत मिळाली सोनाराकडे.

"चाँदी है?"

"नाम सिल्वर है. माल जस्ता."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पितळी पाटली मोडायला आणली होती. मग पुढ्यातला ट्रे आधी बाजूला सरकवला. चुऱ्यात जस्त मिसळलं तर न्यारिया तो उचलायचा नाही, म्हणाला. आपल्याकडच्या झारेकऱ्याचा हा लखनवी भाऊबंद. मांडीवर वर्तमानपत्र पसरून, दोऱ्याएवढ्या पात्याने त्याने कापायला सुरुवात केली. तीन पाती मोडली. चौथं जरा घसरलं. "बस एक मिलीमीटर गया," तो म्हणाला. मी मनात त्रेचाळीसने गुणलं. चार सेंटिमीटरांच्या वर! खऱ्या गाडीत ड्रायव्हरचा कान गेला असता.

छप्पर सुटलं आणि सगळ्या काचाही खाली आल्या. पुढची, मागची, बाजूच्या, सगळ्या मिळून प्लॅस्टिकचा एकच तुकडा, आणि तो छपराला लटकलेला. कारखान्याचं गुपित असं उघडं पडल्यावर मला गाडीचीच लाज वाटली. पुढची काच कात्रीने कापून घेतली. उरलेलं डबीत गेलं.

घडीच्या छतासाठी हिने जुन्या चिकनच्या कुर्त्याचा तुकडा दिला. लखनौची गाडी, म्हटलं शोभेल. पण नेमकी त्या तुकड्यावर जाळी होती. जाळीचं एक भोक मिलिमीटरभर, म्हणजे खऱ्या छतात लिंबू आरपार जाईल एवढं. "मग साधा भाग घ्या की," ही म्हणाली, आणि कात्री स्वतःच्या ताब्यात घेतली. यानंतर कामाचा दर्जा सुधारला, हे कबूल केलं पाहिजे.

दारांच्या खाचा एम-सीलने बुजवल्या आणि टाचणीने दोनच दारं नव्याने कोरली. रंग नेलपॉलिशचा. सगळं जमलं आणि बॉनेटवरची पंखवाली बाई गायब! चार्ल्स साइक्स यांनी 1911 च्या सुमारास घडवलेली ती सुप्रसिद्ध मूर्ती आमच्याकडे जिऱ्याएवढी होती, आणि सकाळीच केर काढला होता. मी सुपलीतला केर चिवडत बसलो. ही आत गेली, मिसळणाचा डबा घेऊन आली आणि एक जिरं निवडून त्याला रुपेरी नेलपॉलिश लावलं. त्रेचाळीसने गुणलं तर बाई वीतभर उंच भरते, थोडी जास्तच. पण पाठीचा बाक अगदी तसाच, वाऱ्याला रेललेला. मूळ मूर्ती नंतर सोफ्याखाली सापडली. ती लावली नाही.

मिस्त्रीजी तपासणीला आले. गाडी टेबलावर पुढे-मागे ढकलली, चाकांवर टिचक्या मारल्या, जिऱ्याचा वास घेतला. मग खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. जूनचा शेवटचा आठवडा होता.

"पुरानी वाली छत रखे हैं न, भाई साहब? बरसात आ रही है."

मी देवघराकडे बोट दाखवलं. तिथे सिल्व्हर क्लाउडचं छप्पर उताणं पडून उदबत्तीची राख झेलत होतं.