इंजिनाला रेनकोट

आमच्या शेजारच्या पोट्ट्याने मृग लागायच्या आत गाडीसाठी मोजा आणला. काळा, पातळ, इलॅस्टिकवाला. किंमत ऐकली आणि गप्प बसलो. तेवढ्यात माझे वर्षभराचे मोजे येतात. तेही जोडीने.

हा मोजा गाडीच्या नाकावर चढवायचा असतो. नाकही बाजारातलंच. कंपनीचा एअर फिल्टर काढायचा, त्याचा काळा प्लास्टिकचा डबाही काढायचा आणि तिथे शंकूसारखा लालभडक फिल्टर उघडाच ठोकायचा. "काका, इंजिन आता मोकळा श्वास घेऊन राह्यलं ना!"

घेत असेल. आवाजावरून तर दमा वाटतो.

इंजिनाला हवा लागते, मान्य. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊएक हजार लिटर हवा लागते. पण कुठली? मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ला टेकतो आणि बॉनेटखाली तर भट्टीच. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद कमी. कंपनीचा डबा निदान जाळीमागून बाहेरची हवा ओढत होता. आता हजारो रुपये मोजून इंजिनाला चुलीपुढे बसवलंय.

त्यावरही उपाय आहे म्हणे. लांब पाइप घ्यायचा आणि फिल्टर खाली, बंपरच्या मागे न्यायचा. तिथे गार हवा असते.

पावसाळ्यात तिथे आणखी काय असतं, हे नागपूरकराला सांगायला हवं?

धुळीचा मुद्दा आपण सोडूनच देऊ. ज्या शहरात एक सिमेंट रस्ता संपण्याआधी दुसरा फोडला जातो आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख वाऱ्याबरोबर फुकट मिळते, तिथे मोजा थोडीफार धूळ अडवतोच. अडवतो आणि स्वतः बुजतो. म्हणजे आधी जास्त हवा यावी म्हणून खर्च, मग ती कमी यावी म्हणून खर्च.

मोज्याखालचा फिल्टर तर त्याहून लाडावलेला. सुती कापडाचा, तेल पाजलेला. पेट्रोल पंपावरच्या हवेने झाडला तर कापड फाटतं. धुवून सावलीत वाळवायचा आणि पुन्हा तेल पाजायचं. तेल कमी पडलं तर धूळ आत. जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चिकट थर. मे महिन्यात हा पठ्ठ्या तासाभरात वाळतो. ऑगस्टमध्ये आमच्या बनियनी दोन दिवस वाळत नाहीत, हा काय वाळणार?

पाण्याचं प्रात्यक्षिक मात्र झकास झालं. पोट्ट्याने मोज्यावर पेलाभर पाणी ओतलं. थेंब अळूच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळले. आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या.

नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी पेल्याने ओततात का?

शिंतोडे आणि बुडणं, यातला फरक मोज्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात असतो. चाकाने उडवलेलं पाणी मोजा परतवतो. पण फिल्टरच पाण्याखाली गेला, तर इंजिन वरून ओढतं. १२०० सीसीचं इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला १८०० लिटरच्या आसपास हवा मागतं. त्या ओढीपुढे कापडाचा काय पाड? स्ट्रॉला रुमाल गुंडाळून उसाचा रस प्या. येतो की नाही?

आत गेल्यावर काय होतं, ते एका मिस्त्रीने मला दोन वाक्यांत समजावलं. "भाऊ, हवा दबते, पानी दबत नाही. पिस्टन वर आला, पानी हटलं नाही, तर वाकते कोन? रॉड."

इंजिनीअरिंग कॉलेजात याला चार वर्षं लागतात.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट आठवा. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरली. माणसं गेली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत गाड्या एकमेकींवर चढून बसल्या. त्यात मोजेवाल्या आणि बिनमोज्याच्या असा भेदभाव पाण्याने केला नाही.

पण गंमत बघा. बंद गाडी पाणी ओढत नाही. इंजिन झोपलेलं असतं. मरतं ते पाणी उतरल्यावर, मालक चावी फिरवतो तेव्हा. "सुरू होते का पाहतो."

झाली. एकदाच.

खरा उपाय फुकट आहे, म्हणूनच कुणी करत नाही. चावीला हात लावायचा नाही. पाण्यात बंद पडली तर ढकलायची. फिल्टर काढून ओला आहे का बघायचा, डिपस्टिक ओढायची. फिल्टर ओला निघाला किंवा डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसला तर गाडी टो करून न्यायची. मग मिस्त्री प्लग काढून इंजिन फिरवतो आणि पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. पिचकारीने भागलं तर देवाला नारळ.

आणि विमा? साध्या पॉलिसीत पाण्याने लॉक झालेलं इंजिन बहुधा 'परिणामजन्य नुकसान' या खणात टाकतात आणि खण बंद करतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट'चा वेगळा हप्ता भरावा लागतो. तो भरला असेल, तरी बॉनेट उघडल्यावर सर्व्हेअरची नजर आधी लाल शंकूवर जाते. तो काही बोलत नाही. फोटो काढतो.

पोट्ट्याला हसणं सोपं आहे. पण शहराने तरी वेगळं काय केलं? रस्त्यावर सिमेंटचे थर चढवून घरं खाली ढकलली, पाणी मुरायची जागा बुजवली. अंबाझरी तलावाचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे समोर स्मारक उभं केलं आणि मग हायकोर्टात तारखा सुरू झाल्या. नंतर पंप विकत घेतले. म्हणजे डबा काढून मोजा आणला. फक्त टेंडर काढून.

त्या डब्यात कंपनीने डोकं चालवलेलं असतं. हवा घ्यायचं तोंड उंच, पाणी सहज पोचणार नाही असं. वाट वळणाची. आणि चुकून पाणी शिरलंच तर निघून जायला तळाला बारीक भोक. पोट्ट्याला ते भोक म्हणजे कंपनीने वाचवलेलं प्लास्टिक वाटलं होतं.

"मग तो डबा कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने गॅलरीकडे बोट दाखवलं. आईने त्यात पुदिना लावलाय. म्हणाली, "फेकू नको रे, चांगला आहे. खाली भोक आहे, पाणी साचत नाही."