पंगत कुठाय?

बारामती-इंदापूरच्या पालखीमार्गावरचा माणूस ओळखायचा असेल तर त्याला गर्दीत उभा करावा. दुसरा कुणी गर्दी दिसली की वाट शोधतो. हा मनात पीठ मळायला घेतो. आषाढाच्या तोंडाला तुकोबांची पालखी काटेवाडीत धोतरांच्या पायघड्यांवरून येते, तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. तेवढे दिवस इथल्या घरांना दारं नसतात. पाहुण्याला नाव विचारायच्या आधी "जेवला का?" विचारतात, आणि नाव विचारायचं बहुधा राहूनच जातं.

आप्पा यातलेच. ऊस, डाळिंब आणि दरसालची एक दिंडी. जावई मिलानला नोकरीला. सिएनाची पालिओ नावाची घोड्यांची शर्यत २ जुलैला असते, पण "पालखीच्या दिवसांत घराला कुलूप?" म्हणून आप्पांनी ती उडवून लावली. दुसरी १६ ऑगस्टला. आडसाली लागण उरकून ते विमानात बसले.

आदल्या संध्याकाळी सिएनाच्या एका गल्लीत लांबच लांब टेबलं मांडलेली, शेकडो माणसं जेवायला बसलेली. आप्पांचा चेहरा खुलला. चप्पल काढून ते सरळ पंगतीत बसले.

"मामा, याला पैसे भरून आधी नाव नोंदवावं लागतं."

"अन्नाला?" आप्पा उठले. रात्रभर कुणाशी बोलले नाहीत.

शहराच्या १७ पेठा. एका शर्यतीत दहांचेच घोडे. शर्यतीआधी घोड्याला पेठेच्या देवळात नेऊन आशीर्वाद देतात, आणि त्यानं तिथंच लीद टाकली तर शुभ मानतात. "खताची किंमत कळती लोकांना," आप्पा म्हणाले. सुटायच्या दोराजवळ स्वार एकमेकांशी पैशांचे सौदे करतात आणि ते रीतीला धरून असतं, हे ऐकल्यावर तर त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. "कारखान्याचं इलेक्शन हाय की हे!"

मैदानाच्या मधोमध उभं राहायला पैसे नाहीत. बसायला मात्र आहेत, खिडकीतून बघायलाही आहेत. दुपारपासून आप्पा उन्हात उभे. एवढा जमाव, आणि एक टँकर नाही, कुणी तांब्या घेऊन फिरत नाही. "यजमान कोण हाय हितला?" त्यांनी दोनदा विचारलं. जावयाला उत्तर सुचेना.

शर्यत दीड मिनिटात संपली. बिनखोगिराचे घोडे, तीन फेऱ्या. स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो, हे जावयानं कौतुकानं सांगितलं. आप्पांना त्यात काही विशेष वाटलं नाही. बेलवाडीत देवाच्या अश्वावर कोण बसलेलं दिसतं? पण जिंकलेल्या पेठेच्या जेवणावळीत घोड्याला मानाची जागा असते म्हटल्यावर त्यांनी कालच्या टेबलांचा राग सोडला.

मग कुंपणाखालून वाकून त्यांनी टापांखालची माती कपाळाला लावली. म्हातारा भोवळ येऊन पडतोय असं वाटून शेजारच्या बाईनं दंडाला धरलं आणि आपली पाण्याची बाटली पुढं केली.

आप्पा घटाघटा प्याले. "पाव्हणं, या ताईंना सांगा, आषाढात बेलवाडीला यायचं. आन् संगट किती माणसं, ते आत्ताच इचारून घ्या."


जावई बाईशी काहीतरी बोलला. बाई हसल्या, हातानं अख्खी गल्ली दाखवली.

"चालतंय," आप्पा म्हणाले. "पण तिखट खात्यात का, ते इचारा."