धडक उपचारपद्धती

कोरियन मालिकांनी वैद्यकशास्त्रात केलेल्या कामगिरीची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. २००२ सालची ‘विंटर सोनाटा’ घ्या. नायकाला गाडीची धडक बसते, स्मृती जाते. दहा वर्षांनी नायिकेला वाचवताना दुसरी धडक बसते आणि स्मृती जागच्या जागी परत! ना एमआरआय, ना गोळ्या. पुढच्याच वर्षी ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये या उपचाराचा पूर्वार्ध नायिकेवर झाला; म्हणजे पद्धत स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच लागू पडते, हेही सिद्ध झालं.

शुश्रूषाही पाहण्यासारखी. सलाइन टांगलेलं, कपाळाला चौकोनी पट्टी, लिपस्टिक जिथल्या तिथे. शुद्ध येते तीही गाण्याच्या कडव्यावर.

आता सोल महापालिकेने एवढंच करावं, प्रत्येक इस्पितळाबाहेर दोन ट्रक उभे ठेवावेत. एक स्मृती घालवणारा, एक परत आणणारा. (क्रम चुकू नये म्हणून चालकाने निदान एक सोळा भागांची मालिका पूर्ण पाहिलेली असावी.)

आमची आत्या याबाबतीत फार चोखंदळ. मराठी मालिका तिने केव्हाच सोडल्या. “अपघात काय, स्मृती काय, काहीच्या बाही दाखवतात मेले! कोरियन बघ, किती खरं वाटतं,” असं म्हणत काल रात्री अकराला तिने पुढचा भाग लावला. गॅसवर दूध ठेवलंय, हे ती साफ विसरली होती.

आणि गल्लीत एकही ट्रक नव्हता.