सिद्धगडचा सोंगाड्या

जंगलात मिसळून जावं म्हणून पक्षिनिरीक्षक हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घालतात. फाल्गुनात मात्र मुरबाडच्या डोंगरात मिसळायला हिरवं शिल्लक नसतं. साग पानं टाकून मोकळा, पळस-पांगारा लालबुंद आणि काटेसावरीच्या फांद्यांवर पानांऐवजी फुलं. अशा उजाड उतारावरून आमचा हिरवा ठिपकेदार चमू चालला की कोस-दीड कोसावरच्या टिटवीलाही बातमी लागते.

कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून म्हसा, तिथून नारिवली. म्हशाला पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो. आम्ही गेलो तेव्हा जत्रा उलगून गेलेली आणि भजी मात्र जत्रेच्या वेळचीच असावीत.

चमूत एक गृहस्थ अंदमानला जाऊन आलेले होते. त्यांचं खरं नाव मागे पडून सगळे त्यांना ‘अंदमानकर’च म्हणत. नारकोंडम नावाचं जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट आहे आणि तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेही राहत नाही, हे त्यांनी एसटीतच सगळ्यांना सांगितलं. कंडक्टरलाही सांगितलं. तिथे जायला परवानगी लागते, म्हणून तो धनेश त्यांना दिसला नव्हता. पण पाहिलेल्या पक्ष्याचा कुणाला नसेल इतका अभिमान त्यांना त्या न पाहिलेल्या पक्ष्याचा होता. “इथे काय, बुलबुल आणि साळुंक्या,” असं म्हणून त्यांनी दुर्बिणीचं झाकण लावून टाकलं.

नारिवलीहून सिद्धगडाकडे निघालं की गडाच्या पायथ्याशी हुतात्मा स्मारक आहे. मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी इथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या तारखेला इथे माणसं जमतात. आमच्या चमूतली बडबड पूर्ण थांबली ती इथेच.

पुढची चढण अंगावर येते. सिद्धगड सव्वातीन हजार फुटांच्या आसपासचा, आणि माचीवर वाडी आहे, घरं आहेत, नारमाता देवीचं देऊळ आहे. हा सगळा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. १९८५ साली हे अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, त्यामुळे वर बघत चालणाऱ्याला पक्ष्याऐवजी झुपकेदार शेपटी दिसण्याची शक्यता जास्त. दिसलीही. पण ती पक्ष्यांच्या यादीत बसेना, म्हणून वहीवाल्या काकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

ही वही म्हणजे आमच्या चमूची सरकारी दप्तरासारखी गोष्ट. कानावर पडेल ते काका टिपत. आणि माचीखालच्या दाट झाडीत कानावर फारच पडू लागलं. आधी शिक्रा ओरडला. लगेच सातभाईंचा कलकलाट. मग हळद्याची शीळ, मग सर्पगरुड, तोही डोक्याच्या अगदी जवळ. मध्येच मांजर. मांजरापाशी काकांचं पेन अडखळलं, पण बाकी सगळं लिहून झालं. वहीचं पान भरलं. अंदमानकरांनी झाकण काढलं. एका मुलीनं मोबाइलचं अ‍ॅप लावलं, आणि ज्यानं त्यानं आपापल्या झाडाकडे बोट दाखवून आपापला पक्षी बजावला. दिसत मात्र काहीच नव्हतं.

वाडीतले एक मामा मोळी घेऊन खाली येत होते. त्यांनी आमच्या माना वर झालेल्या पाहिल्या, मोळी टेकवली आणि म्हणाले, “कंचा बघताय?”

काकांनी वहीचं पान वाचून दाखवलं. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

“ते समदं एकच हाय,” ते म्हणाले. “त्यो बघा, आंजनीवर. सोंगाड्या हाय.”

आंजनीच्या फांदीवर काळाकुळकुळीत भीमराज बसला होता. डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांच्या दोन पळ्या. त्यानं आमच्यादेखत पुन्हा एकदा शिक्रा केला, सातभाई केले आणि समाधानानं शेपटी झटकली. श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी नोंदवलंय की हा पक्षी इतरांच्या हाका देऊन मिश्र थवा गोळा करतो आणि थव्याच्या धांदलीत उडालेले किडे स्वतः खातो. सिद्धगडावर त्यानं थव्याऐवजी आम्हाला गोळा केलं. आमच्या पायांनी किडे उडाले की नाही ते त्यालाच ठाऊक, पण तो जागचा हलला नाही.

काकांनी अख्ख्या पानावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं : भीमराज, एक. अंदमानकरांनी धनेशाचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट “अंदमानचा भीमराज असा नाही,” असं म्हणून ते तासभर त्याच झाडाखाली बसले, आणि आम्हाला बाकीची माची त्यांच्यावाचून पाहता आली, हा त्या पक्ष्याचा आमच्यावरचा उपकार.

देवळाच्या बाजूच्या पांगाऱ्यावर नंतर जे दिसलं ते मात्र खरोखर दिसलं : शिपाई बुलबुल, शिंजीर, कोतवाल, साळुंक्या, सगळे एकाच फुलोऱ्यावर मधाच्या रांगेत, आणि रांग न पाळता.

जाणार असाल तर होळीच्या आगेमागे जा, पांगारा तेव्हाच फुलतो. पहाटे अंधारात चढायला लागा, दहानंतर खडक तापतो आणि पक्षी गप्प बसतात. पाणी भरपूर घ्या. आणि माचीखालच्या झाडीत फक्त ऐकलेला एकही पक्षी वहीत लिहू नका.