एकदा टेकून तर बघा

दाजींना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांना काका म्हणत असतील, नाहीतर पाटील सर. पण स्वतःची एखादी पीडा जरा हलकी झाली की तो उपाय अख्ख्या पंचक्रोशीच्या गळ्यात मारल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, असा एक इसम प्रत्येकाच्या ओळखीत असतो. कुणी गुळवेलीचा काढा पाजतो, कुणी तांब्याच्या भांड्यातलं शिळं पाणी. आमचे दाजी मोटारसायकलवर टेकायला लावतात.

दाजींच्या स्प्लेंडरला टेकणी आहे. मागे बसणाऱ्यासाठी असते ती नव्हे. ती काय, पुण्याच्या पोरांच्या गाड्यांना कंपनीतूनच येते. ही चालवणाऱ्यासाठी. सीटच्या बरोबर मधोमध उभी. वर रेग्झिनची उशी, उशीखाली लोखंड आणि लोखंडाखाली ती बिचारी स्प्लेंडर.

दाजी असतात त्या मांजरसुंब्याच्या चौकात चार रस्ते येतात. एक बीडहून घाट चढून, एक चौसाळ्याकडून म्हणजे सोलापूरच्या अंगाने, एक केज-नेकनूरहून आणि एक पाटोदा-लिंबागणेशहून. पूर्वीचा 211, आताचा 52 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. एसट्या, ट्रॅव्हल्स, उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांचा चहा इथे. जो थांबला तो दाजींच्या तावडीत सापडला.

"पाव्हणं, कंबर दुखती का?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस बीड जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. रस्ते आता बरे झाले, पण कमरा जुन्या रस्त्यांवरच कामी आल्या. पाहुणा मान हलवतो आणि फसतो.

"मग एकदा टेकून तं बघा!"

खरं तर दाजींची सासुरवाडी इथली. लग्नानंतर सासऱ्याच्या शेजारीच घर बांधलं, तेव्हापासून एका घराचे दाजी हळूहळू गावाचे झाले. धंदा पिग्मीचा. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नाव कमावलेल्या बँकेने 1928 साली उडुपीकडे ही युक्ती काढली: गरीब माणूस बँकेत येत नाही ना, मग आपण त्याच्या दारात जाऊन रोज दोन आणे घ्यावेत. योजना चांगलीच होती. फक्त रोज दारात जाणाऱ्या माणसाच्या पाठीचं काय होईल, हा विचार उडुपीत कुणी केला नसावा. दाजी एका मल्टिस्टेट पतसंस्थेसाठी पैसे गोळा करत. सकाळी लिंबागणेशकडची दुकानं, दुपारी नेकनूर, संध्याकाळी चौकातली हॉटेलं, मधल्या वेळात आडरस्त्याच्या वाड्या. कुणी पन्नास द्यायचं, कुणी शंभर, कुणी "उद्या या". कमिशन टक्क्यावर, म्हणून उद्याही जायचंच.

एक दिवस कमरेत चमक भरली. बीडला एमआरआय झाला आणि दाजींना 'एल फोर-एल फाइव्ह' सापडला. आपल्याकडे माणसाला मणका असतो हे गॅप पडल्यावरच कळतं. ती काळी फिल्म त्यांनी महिनाभर डिकीत ठेवली होती. चहाच्या टपरीपुढे उन्हाकडे धरून दाखवायचे. "ही गादी दिसती का? दबलीय." आम्ही पाहायचो. आम्हाला सगळ्याच गाद्या दबलेल्या दिसायच्या.

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. दाजी म्हणाले, गाडी बंद केली तर चूल बंद. डॉक्टर म्हणाले, मग पोटाचे व्यायाम करा. हा सल्ला दाजींनी मनावर घेतला नाही, कारण त्यात दुसऱ्याला दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्याच आठवड्यात भाच्याच्या मोबाइलवर त्यांना एक अमेरिकन म्हातारा दिसला. भली थोरली गोल्डविंग, तिच्या सीटखाली एक पट्टी सरकवली, दोन बोल्ट आवळले, वर उशी खोचली, दहा मिनिटांत म्हातारा टेकून बसला आणि हसला. त्या हसण्याने दाजींचा घात केला.

गोल्डविंगच्या सीटला टेकणी लावता येते. स्प्लेंडरचं सीट म्हणजे सलग लांब पाट. त्याला मधे भोक पाडायचं तर खालचा तळ फाटणार. पण दाजींनी गाठला तो माणूस महामार्गाकडेला उसाच्या ट्रॉल्या बनवणारा. त्याच्या हाताला हलकी वस्तू ठाऊकच नाही. त्याने विचारलं, "लोड किती?" दाजी म्हणाले, "माझी पाठ." त्याने दाजींकडे एकदा पाहिलं आणि ट्रॉलीच्या फाळक्याला लावतात तो अँगल उचलला.

पहिली टेकणी मागच्या दांडीला जोडली. ती इतकी मागे गेली की टेकायला जावं तर हात हँडलवरून सुटत. म्हणजे टेका किंवा चालवा. दुसरी पुढे आणली, तर दाजी टाकीवर ढकलले गेले आणि ब्रेक मारला की हँडलला नमस्कार होऊ लागला. शिवाय ट्रॉलीवाल्याने बॅटरीची वायर न काढताच आर्क मारला. गाडी कार्बोरेटरवाली, जुनी, म्हणून नुसत्या इंडिकेटरवर भागलं. 2020 नंतरची इंजेक्शनवाली असती तर तिचा कॉम्प्युटर तिथेच निजधामाला गेला असता. तिसऱ्या खेपेला चेसिसला दोन्ही अंगांनी यू-क्लँप, तिथून वर आणलेल्या पट्ट्या, मधे आडवी सळई, सळईला उशी मागेपुढे करायला चार भोकं आणि एक पिन. ही मात्र जमली. ट्रॉलीवाला म्हणाला, "आता पंधरा टन टेकवा." कुणी काही कौतुकाचं बोललं की दाजी हे वाक्य अजून सांगतात.

उशीची कथा वेगळीच. घरात कापूस होता, तो भरला. मृगाचा पहिला पाऊस आला, दाजी टेकले आणि शर्ट पाठीमागून चिंब. वरून ऊन पडलेलं, माणूस मागून ओला. नेकनूरच्या बाजारात लोक विचारायला लागले, दाजी, काय झालं हो? मग बीडच्या सीटवाल्याकडून दाबून केलेला जाड फोम आणला. त्याने दाजींना सांगितलं की मऊ उशी वाईट, टणक चांगली, आणि ती खांद्याला नको, पट्ट्याच्या जरा वर लागली पाहिजे. हे शास्त्र तेव्हापासून चौकात पाठ आहे. त्यात दाजींनी कुठून तरी आल्फ नाकेमसन नावाचा स्वीडनचा डॉक्टर मिळवला. या डॉक्टरने 1960 च्या सुमारास जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तर उभ्या माणसापेक्षा आधाराशिवाय बसलेल्याच्या गादीवर दाब जास्त निघाला. गोष्ट खरी आहे. पण ती सकाळी साडेसातला, हातात वडापाव असताना ऐकण्याची नव्हे.

टेकणीला भूगोलाचीही अडचण होती. बीडहून येताना घाट चढायचा, तेव्हा पाठ छान टेकते. बीडकडे जाताना उतार, तेव्हा पोट टाकीला टेकतं आणि टेकणी मागे मोकळी राहते. हे मी एकदा बोलून दाखवलं. दाजी गंभीरपणे म्हणाले, "आवो, जाताना माणूस ताजाच असतोय. येतानाच आधार लागतोय."

गाडीवर चढायचं कसं, हा दुसरा पेच. पाय मागून फिरवला तर टेकणीला लाथ. पुढून टाकीवरून घ्यावा तर धोतराची पिढी गेली, पँट उसवते. दाजी आधी पिन काढतात, उशी बगलेत मारतात, गाडीवर बसतात आणि मग उशी पाठीमागे हात घालून खोचतात. खोचताना कमरेत चमक भरते. भरली तर भरली, खोचल्यावर टेकायचंच असतं.

मागे कोण बसणार, याचा विचार दाजींनी केलाच नव्हता. दाजींच्या बायको, आमच्या आक्का, पहिल्यांदा एका अंगाने बसल्या आणि ती आडवी सळई त्यांच्या खांद्यात रुतली. चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लग्नात घटकाभर आंतरपाट धरला व्हता. आता म्हातारपणी परत कामून धरलाय?" त्या दिवसापासून आक्का एसटीने जातात.

एकदा चौकातल्या हवालदाराने अडवलं. कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, सुप्रीम कोर्टानेही 2019 साली तेच सांगितलंय, असं तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण दाजी घरून नियम 123 वाचून निघालेले. "साहेब, मागं बसणाऱ्याला धरायला मूठ पाहिजे, असं सरकार म्हणतंय. पाय ठेवायला जागा पाहिजे, म्हणतंय. लुगडं अडकू नये म्हणून चाकाला जाळी पाहिजे, म्हणतंय. अन् जो दिवसभर चालवतोय त्याच्या पाठीचं एका कलमात तरी नाव हाय का?" हवालदार गप्प. सकाळपासून तोही उभाच होता. दाजींनी त्याच्या डोळ्यांत ते वाचलं. "एकदा टेकून तं बघा."

तो टेकला. चौकातली वाहतूक पुढे बराच वेळ स्वयंभू चालली. साहेबांची जीप आली तेव्हा कायदा स्प्लेंडरवर डोळे मिटून बसला होता आणि दाजी त्याला नाकेमसन सांगत होते.

कार्तिक पौर्णिमेला जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. लातूर, नांदेड, पार कर्नाटकापासून पालख्या आणि दिंड्या चालत येतात. त्या दिवसांत दाजी वसुली सोडून गाडी डबल स्टँडवर लावतात, रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत. लोक केळी वाटतात, पाणी वाटतात. दाजी टेकणी वाटतात. एका वर्षी कानडी बोलणारे एक आजोबा टेकले आणि झोपी गेले. त्यांची दिंडी पुढे निघाली, पण दाजींनी कुणाला उठवू दिलं नाही. गाडी कलंडेल म्हणून हँडल धरून उभे राहिले. मी म्हटलं, "दाजी, तुमच्या कमरेचं काय?" तर म्हणाले, "हळू बोला."

मला ते तेव्हाही हास्यास्पदच वाटलं होतं, हे नमूद करून ठेवतो.

पुढचं सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. एकामागून एक मल्टिस्टेट पतसंस्थांची शटरं खाली आली. त्यात दाजींचीही. ज्यांनी जादा व्याजाचे फलक लावले, फीत कापायला मोठमोठी माणसं बोलावली, त्यांच्या पाठीशी कोण कोण होतं याच्या चर्चा चौकात रोज रंगतात. दाजींच्या पाठीशी एक अँगल होता. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, ही गोष्ट पावतीच्या कुठल्याच कोपऱ्यात छापलेली नव्हती. दाजींनाही ती कुणी सांगितली नव्हती. त्यांची स्वतःची पुंजी तिथेच होती, आक्कांच्या पाटल्या मोडून ठेवलेली रक्कमसुद्धा.

इतर एजंटांनी फोन बंद केले. कुणी पुण्याला गेलं, कुणी नुसतंच 'गेलं'. दाजी मात्र त्याच वेळेला त्याच दुकानांपुढे जाऊन उभे राहत. पैसे मागायला नव्हे, शिव्या खायला. हॉटेलवाल्याने कॉलर धरली, पानवाल्याने पुस्तिका तोंडावर फेकली. पुस्तिका उचलून, झटकून, काउंटरवर ठेवून दाजी पुढच्या दुकानात. चौकात कुणाची कंबर दुखते का, हे विचारायचं मात्र त्यांनी बंद केलं. सकाळी वडापाव शांतपणे खाता येऊ लागला. मला बरं वाटायला हवं होतं.

सीताफळं विकणाऱ्या एक मावशी आहेत. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मावशींना अजून डोक्यावरच्या पाटीपलीकडे काही मिळालेलं नाही. हंगामात रोज पन्नास रुपये दाजींकडे द्यायच्या. तक्रार द्यायला बीडला, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जायचं होतं. दाजी म्हणाले, चला मी नेतो. मावशी गाडीकडे गेल्या, त्या लोखंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यात मी कुठं बसू? माझ्या पैशाचं केलंस हे?" दाजींनी डिकीतून पाना काढला. क्लँपचे नट गंजले होते, बराच जोर लावावा लागला. टेकणी निघाली. ती परत बसली नाही. कारण दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी मागे होतं, तिसऱ्या दिवशी तिसरं. अँगल ट्रॉलीवाल्याने परत नेला. लोखंड वाया जाऊ देत नाही तो.

तर दाजी आता सुधारले, असा समज कुणी करून घेऊ नये. डिकीत एमआरआयच्या जागी एमपीआयडी आला आहे: ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा. संस्थाचालकांची मालमत्ता जप्त करून, विकून, ठेवीदारांना कसे पैसे द्यायचे ते त्यात आहे. शिवाय मल्टिस्टेटचा 2002 चा केंद्राचा कायदा, ज्याचा निबंधक दिल्लीला बसतो. पैसे मांजरसुंब्याच्या टपऱ्यांवरून गोळा झाले, दाद मागायची दिल्लीला. यावर दाजी जे बोलतात ते छापता येणार नाही. पण ते बोलून झालं की झेरॉक्स पुढे करतात. एसटीची वाट पाहणाऱ्याला, ट्रकवाल्याला, नवरदेवाच्या वऱ्हाडाला.

"पाव्हणं, कुठं ठेव अडकलीय का? मग एकदा वाचून तं बघा!"

परवा मलाच गाठलं. मी स्पष्ट सांगितलं की दाजी, माझा एक रुपयाही कुठल्या मल्टिस्टेटमध्ये नाही.

"मग तं लईच चांगलं," दाजी म्हणाले. "तुमचं डोकं शांत असणार. अक्षरबी बरं हाय. उद्या नऊला निघू, सतरा अर्ज लिहायचेत."