मायक्रॉनसाहेब

गाडीला टेकायचं नाही, एवढं तर तुम्हाला माहीत असेलच. तुमच्याही कॉलनीत असा एक गृहस्थ असणार. आपण रस्त्यात दोन शब्द बोलायला थांबतो, हात सवयीने बॉनेटवर जातो आणि समोरच्याचं बोलण्यातलं लक्ष उडतं. आमचे साहेब त्याच्याही पुढचे. ते तुमची अंगठी, घड्याळ, शर्टाची बटणं असा वरून खाली पंचनामा करतात, पट्ट्याच्या बकलावर येऊन थांबतात आणि म्हणतात, ‘‘सर, वरचा क्लिअर कोट ४० मायक्रॉनचा असतो. हे बक्कल किती एमएमचंय?’’

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या पोरांनाही पाठ झालंय, कारण साहेब जगातली कुठलीही गोष्ट याच मापात सांगतात. वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ली तर ‘वरचं तेल २०० मायक्रॉन’. चहावरची साय, भाकरीचा पापुद्रा, पुढाऱ्याच्या चेहऱ्यावरची पावडर, सगळं मायक्रॉनमध्ये. जावयाचा पगार वाढल्याचं कळलं म्हणून मी ‘किती वाढला?’ असं विचारलं, तर सुस्कारा टाकून म्हणाले, ‘‘असेल दोनेक मायक्रॉन.’’

साहेब रस्ते बांधणाऱ्या एका खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांच्याकडे एमएच २२ची, म्हणजे परभणी पासिंगची स्कूटर होती. १९९९ साली १ मेला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आपल्याला एमएच ३८ मिळालं, तरी साहेब परभणीच्याच नंबरावर फिरत राहिले. त्या स्कूटरला त्यांनी कधी फडकं मारलेलं कुणी पाहिलं नाही. निवृत्तीच्या पैशातून मात्र मरून रंगाची गाडी आली. पांढरी का नाही घेतली? तर म्हणे पांढऱ्यावर सगळं लपतं, म्हणूनच सरकारी गाड्या पांढऱ्या. गाडी ताब्यात घेतल्या दिवशी शोरूमच्या पोराने पेढ्याबरोबर एक प्रश्नही हातात ठेवला, ‘‘साहेब, सिरॅमिक कोटिंग करून टाकायचं का?’’

तेव्हापासून आमचा जिल्हा हा प्रश्न सोडवतोय. साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, मोंढ्यात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालांना विचारलं, औंढ्याला नागनाथाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना विचारलं. भाव काढले. कुणी १५,००० म्हणालं, नांदेडच्या एकाने ४०,००० सांगितले आणि वर ‘ग्राफीन’ नावाचं काहीतरी फुकट देऊ केलं. त्या फुकटचा अभ्यास करण्यात साहेबांचा एक पावसाळा गेला.

अभ्यास मात्र खरा असतो, हे कबूल करायला हवं. कोटिंगचा मुख्य घटक सिलिकॉन डायऑक्साइड, हे कळल्यावर ते तिरीमिरीत माझ्याकडे आले. ‘‘सर, म्हणजे वाळूच की हो! पूर्णेच्या पात्रातली वाळू ब्रासवर मिळते, ही थेंबावर विकायलेत.’’ दुकानदार ‘९एच कडकपणा’ म्हणतो आणि हिऱ्याच्या खालोखाल असल्याचा आव आणतो. हिरा ज्या मोजपट्टीवर १० असतो, ती खनिजांची. हा एच पेन्सिलीचा. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ओढून बघतात आणि कोणती ओरखडा पाडत नाही ते टिपतात, एवढीच ती परीक्षा. साहेबांनी नातवाच्या कंपासमधली एचबी पेन्सिल त्या दुकानदाराच्या काउंटरवर ठेवली आणि विचारलं, ‘‘यापेक्षा किती कडक, ते सांगा. हिरा राहू द्या, तो वहिनींनाच कधी घेता आला नाही.’’ वहिनी म्हणजे त्यांच्याच पत्नी. आम्ही सगळे तसं म्हणतो म्हणून तेही म्हणतात.

पॉलिशवर त्यांचा एक सिद्धान्त आहे. ओली हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये फिरवली की चकाकते आणि भाव वाढतो. गाडीला मशिनने पॉलिश मारलं की तीही चकाकते, पण क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉन उडून जातात आणि ते परत येत नाहीत. कोटिंगआधी हे पॉलिश करतातच. म्हणजे दोन मायक्रॉन चढवायला तीन घालवायचे. ‘‘हा व्यवहार कुठल्या लेखापरीक्षणात बसतो?’’ असं ते भररस्त्यात कुणालाही विचारतात. कोटिंगनंतर आठवडाभर गाडी धुवायची नाही, ही अट तेवढी त्यांना मान्य आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे ती आपोआपच पाळली जाते.

दसऱ्याला वहिनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला निघाल्या, तर साहेबांनी आधी पोळ्या गुंडाळायचं पातळ प्लास्टिक अंथरलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘देवाला प्लास्टिकवरून पोचतं का?’’ साहेब म्हणाले, ‘‘१० मायक्रॉनचंय. पोचतं.’’

मग ते यंत्र आलं. रंगाची जाडी मोजायचं गेज, मुठीत मावणारं. लोखंडी पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. साहेबांनी ते घरचं कपाट, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचं गेट, सगळीकडे टेकवलं. बंपरवर आकडाच येईना तेव्हा त्यांचा चेहरा पडला. बंपर प्लास्टिकचा, तिथे ते चालत नाही. बसस्टँडवर त्यांनी ते एसटीलाही लावलं. वर्षानुवर्षांच्या रंगकामाचा आकडा बघून ते हरखून गेले. कंडक्टरने विचारलं, ‘‘काय तपासायलाय हो?’’ साहेब भारावून म्हणाले, ‘‘हिला कोटिंगची गरज नाही.’’

हे लिहिणं जिवावर येतंय, पण त्या यंत्राने गावाचं भलं केलं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक आता साहेबांना नेतात. कंपनीचा रंग साधारण १००-१२० मायक्रॉन भरतो. एखाद्या दरवाज्यावर आकडा तीनशे-चारशेवर गेला की तिथे पुट्टी आहे आणि ‘एकदाही ठोकलेली नाही साहेब’ म्हणणारा दलाल बघता बघता गप्प होतो. कुणाकडून चहाखेरीज काही घेत नाहीत. तोही सायीचा आकडा सांगून पितात.

त्याच यंत्राने त्यांचा घात केला. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, आणि यंत्राची चूकही तेवढीच. कोटिंग केलेल्या गाडीवर आणि न केलेल्या गाडीवर आकडा सारखाच. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. ‘‘सर, मोजता येत नाही त्याचं बिल कसं काढायचं?’’ मी म्हटलं, औंढा तालुक्यात गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होतेय, २०२३ साली केंद्राने २,६०० कोटी मंजूर केलेत. तिथे प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजणार आहेत, तोवर थांबा. मी चेष्टेने म्हटलं होतं. साहेबांनी गंभीरपणे माहिती काढली आणि चार दिवसांनी मलाच सांगितलं की तिथल्या आरशांवरसुद्धा सिलिकाचे थर असतात. ‘‘म्हणजे त्यांनी कोटिंग केलंय,’’ असं म्हणून ते बराच वेळ विचार करत बसले.

शेवटी वॉशिंग सेंटरच्या पोराने तोडगा काढला. पुण्यात काम शिकून आलेला, हुशार. त्याने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली आणि अर्ध्याच भागावर कोटिंग केलं, फुकट. पाऊस आला की गल्ली छत्र्या घेऊन बॉनेटभोवती जमायची. एका बाजूला पाण्याचे मोती घरंगळायचे, दुसऱ्या बाजूला पाणी पसरून बसायचं. कोटिंगच्या बाजूची चिमण्या-कावळ्यांची शीट पाण्याच्या फवाऱ्याने निघायची, सोयाबीनच्या मळणीची धूळही. पण बोअरच्या पाण्याने धुवून गाडी उन्हात सोडली की तेच मोती वाळून क्षारांची पांढरी वर्तुळं उमटायची, आणि तीही त्याच बाजूला ठसठशीत. आमच्याकडचं बोअरचं पाणी दुकानदाराच्या माहितीपत्रकात कुठे असतं?

मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून टाकतो. गाडी उघड्यावर उन्हात उभी राहत असेल, आठ-दहा वर्षं ठेवायची असेल आणि धुतल्यावर लगेच पुसून घेणारं माणूस घरात असेल, तर कोटिंग करावं. चार वर्षांत विकणाऱ्याने ते पैसे टायरांसाठी ठेवावेत. कोरडं फडकं मारणाऱ्याने यातलं काहीही करू नये. साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अजून एक उन्हाळा बघू.’’

गेल्या लग्नसराईत त्यांच्या गाडीतून एका आडगावच्या लग्नाला चाललो होतो. समोरून टिपर गेला, खडी उडाली आणि बॉनेटवर ‘टक्’ असा आवाज आला. बरोब्बर कोटिंगच्या बाजूला. रंग उडून आतला प्रायमर दिसायला लागला. आता इथेच मुक्काम, अशी माझी खात्री झाली. साहेब उतरले, पण बॉनेटकडे गेले नाहीत. रस्त्यातला एक खडा उचलून त्यांनी बोटांत फिरवला.

‘‘इस्टिमेटला १२ एमएमची होती. ही २०ची आहे.’’

‘‘कुठल्या इस्टिमेटला?’’

‘‘माझ्या.’’

मग बुटाच्या टोकाने त्यांनी रस्त्याची कड ढकलली. डांबराचा पापुद्रा निघाला, खाली मुरूम. एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, तिथे २० एमएमचा कार्पेट लिहिलेला होता, सही साहेबांची. खिशातलं गेज त्यांनी काढलं नाही. डांबरावर ते चालतही नाही.

‘‘वरून फोन यायचा, सर. पाच एमएम सोडा, दहा सोडा. सोडत गेलो.’’ एवढं बोलून ते खडा हातात धरून उभे राहिले. मला काही सुचेना, म्हणून मी त्या वेळी पहिल्यांदाच त्यांच्या गाडीला टेकलो. ते काही बोलले नाहीत.

गावाची वेस दिसायला लागेपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही. मांडवातला बँडबाजा ऐकू आला तसे साहेब सावरून बसले.

‘‘खडीला सिरॅमिक काही करत नाही, हे आता नक्की झालं. रंगावर चिकटवायची ती पीपीएफ फिल्म असते ना, ती १५०-२०० मायक्रॉनची असते. गेजवर दिसते.’’ त्यांनी गिअर बदलला. ‘‘लाखाच्या पुढं सांगायलेत म्हणे. तुमचा काय अंदाज?’’